पोहऱ्याचं पाणी आणि नळाचं पाणी

यूसुफभाई सोमवारी सकाळी गेले. मंगळवारी आम्ही दोघं शेंद्र्याजवळच्या वस्तीवर जाणार होतो. मंगळवारी त्यांना छावणीच्या कब्रस्तानात माती दिली. बुधवारी मी वस्तीवर गेलो.

विहिरीच्या काठावर सोजरबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या मागे पाहिलं.

"यूसुफभाऊ कुठं हायेत?"

मी सांगितलं. त्या कठड्यावर बसल्या.  मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मंग दोर आता तुमालाच धरावा लागंल."

नमुना काढायचा दोर धरायची माझी सवय नव्हती. उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांची आमची प्रयोगशाळा होती. त्याआधी मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे, म्हणून यूसुफभाई शेवटपर्यंत मला 'सर' म्हणत. ते मूळचे बोअर घेणाऱ्या गाडीवरचे. खडकाचा चुरा चिमटीत घेऊन पाणी किती फुटांवर लागेल ते सांगायचे. आमच्या कामाची वाटणी सरळ होती. जमिनीतून आणि विहिरीतून नमुना काढायचा तो त्यांनी, आणि त्यात काय आहे ते सांगायचं मी. बावीस वर्षं असंच चाललं.

हे काम कसलं, ते बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगतो. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, गाडीचं काळं ऑइल जमिनीत गळतं तेव्हा ते नाहीसं होत नाही. मातीत मुरतं, मुरमातून खाली उतरतं आणि पाण्याला भेटलं की त्यावर तरंगतं. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. वाळूच्या मुलखात तेल सगळीकडे सारखं पसरतं, इथे ते भेगेभेगेने जातं. त्यामुळे गळक्या टाकीशेजारचा बोअर निवळ निघतो आणि चार शेतं सोडून पलीकडची विहीर खराब होते. लोकांना हे पटवून देण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

तपासायची पहिली रीत साधी आहे. हाताच्या गिरमिटाने माती काढायची, काचेच्या बरणीत अर्धी भरायची, तोंडावर चांदीचा कागद ताणून झाकण लावायचं आणि बरणी दहा मिनिटं उन्हात ठेवायची. मग कागदाला भोक पाडून वाफ मोजायच्या यंत्राची नळी आत घालायची. यंत्र आकडा दाखवायच्या आत यूसुफभाई सांगून टाकत, "डिझेल. पुराना है." त्यांचं नाक मी कधी अहवालात लिहिलं नाही, कारण नाकाला प्रमाणपत्र नसतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत, काठोकाठ भरून आणा, असं आम्ही दारावर लिहून ठेवलं होतं. छावणीतले एक निवृत्त हवालदार बोअरचं पाणी रमच्या बाटलीत घेऊन आले. मी म्हटलं, याला दारूचा वास येतोय. ते शांतपणे म्हणाले, "तो बाटलीचा आहे. खालचा वास बघा." त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. शेजारच्या जनरेटरची टाकी गळत होती.

शहर वाढायला लागलं तशी रस्त्यालगतची जुनी गॅरेजं विकली जाऊ लागली आणि तिथे फ्लॅट उभे राहू लागले. एका बिल्डरला अहवाल संध्याकाळपर्यंत हवा होता, आणि चांगला हवा होता. गिरमिट डोक्याइतकं खोल गेलं तरी माती काळीच येत होती. जागेचे जुने मालक, वयस्कर मेकॅनिक, खुर्ची टाकून बघत बसले होते. "साहेब, वीस वर्षं रोज इथंच ऑइल ओतलं. कधी साचलं नाही. जमीन पिऊन टाकते."

"हौ चचा, पी गई," यूसुफभाई म्हणाले. "अब हज़म नहीं हो रहा उसको."

बिल्डरने दुसरी प्रयोगशाळा गाठली. तिथे आता चार मजले आहेत.

वस्तीचं प्रकरण मात्र असं हसून सोडून देण्यासारखं नाही. त्यात चूक माझी होती.

सोजरबाई धनगर समाजातल्या. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीपलीकडे त्यांची वस्ती, म्हणजे चार घरं, मेंढरं कोंडायचं एक वाडगं आणि एक जुनी विहीर. मुलगा कंपनीत ठेकेदाराकडे कामाला, सून रेखा घरचं आणि शेतातलं बघायची, मेंढरं सोजरबाईंकडे. आम्ही पहिल्यांदा गेलो त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. दिवाळीनंतरचे दिवस होते. विहीर अर्ध्याहून जास्त भरलेली. तक्रार एकच होती.

"मेंढरं पाण्याला तोंड लावना झालीत," सोजरबाई म्हणाल्या. "नाक फेंदारतेत आन् मागं सरतेत."

"आणि तुम्ही?"

"आमी पितो की. कदी कदी जरा वास मारतो. पोरगं म्हनतं मोटारीचं ऑइल आसंल."

ग्रामपंचायतीच्या पत्रात पिण्याच्या नळाचा नमुना घ्या, असं लिहिलं होतं. मोटार चालू केली, नळ पाच मिनिटं सोडला, बाटल्या भरल्या. सगळं नियमाला धरून. यूसुफभाई तेवढ्यात वाडग्याकडे जाऊन आले.

"सर, मेंढ्यांचा हौद पोहऱ्यानं भरतात. हाताने ओढून. नळाचं पाणी नाही ते."

"मग?"

"पोहरा वरचं पाणी उचलतो. मोटार तळाचं. एक बाटली वरून घेऊ का?"

पत्रात नळ लिहिलं होतं. ऊन कलायला आलं होतं. मला दुसऱ्या दिवशी एक भाषण द्यायचं होतं, त्याची टिपणं डोक्यात होती. मी म्हटलं, राहू द्या.  दोर गुंडाळून त्यांनी गाडीत ठेवला.

तीन दिवसांनी मी अहवालावर सही केली. तेल आढळले नाही. पाणी पिण्यायोग्य. शब्द खरे होते; ते ज्या पाण्याबद्दल होते ते पाणी चुकीचं होतं. तेल वर तरंगतं हे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं.

पुढची दोन वर्षं पावसाने दगा दिला. गावोगाव टँकर सुरू झाले. दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत सोजरबाई प्रयोगशाळेत आल्या. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद.

"ह्यो कागद तुमचाच हाय ना?"

माझाच होता. सही, शिक्का, सगळं.

"टँकर मागाया गेलं की ग्रामसेवक ह्यो दाखवतो. म्हनतो, तुमच्या हिरीचं पानी चांगलं हाय, शहरातल्या लॅबचा कागद हाय. तुमाला टँकर नाय भेटत." त्यांनी डबा टेबलावर ठेवून झाकण उघडलं. "आता तुमी प्या."

खोलीभर डिझेलचा वास सुटला. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं आणि त्याच्यावर तरंगणारा थरही त्याच्याबरोबर उतरून मोटारीच्या तोंडाशी आला होता. नळाला तेच येत होतं. रेखाच्या धाकट्या मुलीच्या अंगावर चट्टे उठले होते. ते कशाने, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. सोजरबाईंना मात्र खात्री होती, आणि त्यांना खोटं ठरवायचा अधिकार मी गमावला होता.

त्या गेल्यावर मी नवा अहवाल लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं: 'पाण्याची पातळी खालावल्यामुळे परिस्थितीत बदल झाला असून…' यूसुफभाई मागे उभे राहून वाचत होते.

"सर, कायकू घुमा के लिखते?"

"पातळी खालावली हे खरं आहे."

"पानी नीच्चे गया, सच है. लेकिन मेंढ्यांनी तर आधीच सांगितलं होतं ना." मग ते म्हणाले, "और मैंने भी."

त्या बावीस वर्षांत ते मला टोचून बोलल्याचं एवढंच आठवतं. मी कागद बदलला. आधीचा नमुना चुकीच्या ठिकाणाहून घेतला होता, तो अहवाल मी रद्द करत आहे, या विहिरीचं पाणी पिऊ नये, असं लिहिलं. त्या कागदामुळे आमची बरीच कामं गेली. चूक कबूल करणाऱ्या प्रयोगशाळेवर लोकांचा विश्वास राहत नाही. वस्तीला मात्र आठ दिवसांत टँकर सुरू झाला.

आता तेल कुठून येतं ते शोधायचं होतं. वस्तीच्या वरच्या अंगाला एका वाहतूकदाराचं ट्रकचं यार्ड होतं, तिथे जमिनीखाली डिझेलची टाकी होती. यार्डाचे मालक, सगळे त्यांना शेठ म्हणत, आम्हाला चहा पाजून म्हणाले, "माझ्या टाकीतून थेंब जात नाही. रोज सकाळी पट्टी टाकून मोजतो. कमी भरतं ते ड्रायव्हर चोरतात म्हणून. दोघांना काढलं मी."

यूसुफभाईंनी उतारावर ठरावीक अंतरावर गिरमिटाने भोकं घेतली आणि बरण्यांची रांग उन्हात मांडली. टाकीजवळची माती स्वच्छ होती. टाकीपासून डिझेल भरायच्या यंत्राकडे जाणाऱ्या पाइपाच्या मध्यावर बरणी बोलली. आम्ही पाइप रिकामा करून घेतला, दोन्ही तोंडं बंद केली, आत दाबाने हवा भरली आणि दाब दाखवणारं गेज लावलं. शेठ, त्यांचा मॅनेजर आणि आम्ही दोघं उकिडवे बसून बघत होतो. सुई हळूहळू खाली येत गेली. पाइप सांध्यातून गळत होता.

"दोघांना काढलं मी," शेठ पुन्हा म्हणाले, या वेळी स्वतःशी.

त्यानंतर त्यांनी खर्चाला नाही म्हटलं नाही. पाइप बदलला. सांध्याखालची माती खणून जाड प्लॅस्टिकवर तिचे ढीग घातले, त्यात सोजरबाईंच्या वाडग्यातलं लेंडीखत मिसळलं. ओल आणि हवा मिळाली की मातीतले जंतू डिझेल खातात, फक्त त्यांना घाई करता येत नाही. ढीग दर आठवड्याला खालीवर करायचे आणि भिजवायचे. दुष्काळात मातीला पाणी घालायचं म्हटल्यावर लोक आमच्याकडे बघू लागले. म्हणून विहिरीचंच पाणी कोळशाच्या पिंपातून गाळून ढिगांवर घालत होतो.

विहिरीतला थर काढणं जास्त चिवट काम. त्यासाठी तेल शोषणारे पांढरे कागदी तक्ते मिळतात. आमचे महिन्याभरात संपले आणि नवे यायला वेळ लागत होता. सोजरबाई रोज येऊन बघत. एक दिवस म्हणाल्या, "मेंढी पावसात भिजली तर पानी अंगावरून निघून जातं. पन गाडीच्या आसाला घासली तर वंगन महिना महिना निघत नाय."

यूसुफभाईंनी वर पाहिलं. "मावशी, लोकर है क्या?"

"गोण्या भरून पडलीय. इकत कोन घेतंय आता?"

न धुतलेली लोकर कांद्याच्या जाळीदार गोणीत भरून त्यांनी विहिरीत सोडली. गोणी तरंगत राहिली. सकाळी वर काढली तेव्हा लोकर पिवळट, जड झाली होती आणि पिळली तर निघालं ते जवळपास सगळं डिझेल. मी त्यावर दोन पानांचं टिपण लिहिलं. यूसुफभाई म्हणाले, "सर, परचा बाद में. दूसरी गोणी पकडो." लोकर पिळायची, पुन्हा सोडायची. पिळलेलं डिझेल आणि निकामी लोकर बंद ड्रममधून घातक कचऱ्याच्या गाडीने जायची. त्या वर्षीही पाऊस नावापुरताच झाला. पाणी खालीच राहिलं, आणि आमच्या कामाला तेच सोयीचं होतं.

हिवाळ्यात यूसुफभाई गेले. आदल्या आठवड्यात त्यांनी छाती दुखते म्हणून सांगितलं होतं. मी डॉक्टरकडे जा म्हटलं. ते म्हणाले, मंगळवारनंतर.

त्या बुधवारी मी पहिल्यांदा बेलर विहिरीत सोडला. बेलर म्हणजे हातभर लांबीची पारदर्शक नळी. तिच्या तळाशी एक गोळी असते. नळी उतरताना गोळी उचलली जाऊन पाणी आत येतं, वर ओढताना गोळी बसते आणि पाणी आत अडकतं. वर आल्यावर पाण्यावर तेल किती आहे ते बोटाने मोजता येतं, पण पृष्ठभाग मोडला नाही तरच. माझ्या हातून नळी धपकन पडली. थर फुटला, नमुना वाया गेला. दुसऱ्या वेळीही तेच.

"आदळू नका," सोजरबाई म्हणाल्या. "निजलेल्या लेकराच्या अंगावर पांघरून टाकतेत तसं सोडा."

पाचव्या वेळी जमलं. थर नखाएवढा उरला होता. मी तो वहीत लिहिला. त्याच्या वरच्या सगळ्या नोंदी यूसुफभाईंच्या अक्षरात होत्या, तिरप्या, उर्दू लिहिणाऱ्या हाताच्या. त्यानंतर मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी जात राहिलो. घरी मुलगा म्हणाला, बाबा, कोणीतरी माणूस ठेवा. मी ठेवला नाही.

पुढच्या पावसाळ्यात मात्र पाऊस चांगला झाला. विहीर भरली. बेलर वर आला तो निवळ. वास नाही, थर नाही. टँकर बंद झाले होते, आणि रेखा गावातल्या बोअरवरून डोक्यावर पाणी आणत होती, रोज चार खेपा. दिवाळी झाल्यावर ग्रामसेवक आणि शेठ दोघंही वस्तीवर आले. काम झालं, असा कागद त्यांना हवा होता. सोजरबाईंनाही हवा होता.

"सर, पाणी तर आरशासारखं आहे," ग्रामसेवक म्हणाला. "आधीचा रिपोर्ट तीन दिवसांत दिला होतात. आता काय अडलंय?"

"आधीचा दिला होता म्हणूनच."

सोजरबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तवा वास येत व्हता तर चांगलं म्हनलात. आता वास नाय तर वाईट म्हनता. तुमचं डोकं ठिकान्यावर हाय का, सर? माज्या सुनंची मान मोडाया आलीय."

विहिरीच्या आतल्या दगडांवर डिझेलचा काळा पट्टा उमटलेला होता. तो आता दोन पुरुष पाण्याखाली होता. तेल कपारीत, भेगांत वर ढकललं गेलं असेल आणि पाणी उतरताना पुन्हा बाहेर येईल, अशी मला भीती होती. भीतीच होती, पुरावा नव्हता. मी त्यांना म्हटलं, "तो पट्टा उघडा पडेपर्यंत सही करणार नाही. मे महिन्यात बघू."

"आन् तवर?"

 मी दर खेपेला स्कूटरवर दोन कॅन पाणी नेत असे. ते पुरणारं नव्हतं, हे मला आणि त्यांनाही कळत होतं. सोजरबाई होळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मी यायचो, दोर सोडायचो, वहीत लिहायचो, निघायचो. त्या मेंढरांकडे तोंड करून बसायच्या.

एप्रिलच्या शेवटी पट्टा उघडा पडला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बेलर वर आला तेव्हा पाण्यावर रंगीत तवंग होता, केसाएवढा. मी नळी उन्हात धरून सोजरबाईंना दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, नाकाशी नेली, परत दिली. वाडग्याकडे गेल्या आणि ताज्या कातरलेल्या लोकरीच्या दोन गोण्या ओढत घेऊन आल्या. "टाका."

मी तवंगाचा अहवाल त्याच आठवड्यात दिला आणि तो घेऊन तहसीलच्या तीन चकरा मारल्या. वस्तीला टँकर पुन्हा सुरू झाला, आणि दिवाळी व्हायच्या आत गावची पाइपलाइन वस्तीपर्यंत आली. ती माझ्या कागदामुळे आली की निवडणुकीमुळे, मला माहीत नाही.

पुढच्या मे महिन्यात पाणी पट्ट्याच्याही खाली गेलं होतं. मी वरून, मधून आणि तळातून नमुने घेतले, आठ-आठ दिवसांनी तीनदा. नऊ बाटल्यांपैकी एकीतही तेल निघालं नाही. मग शेवटचा अहवाल लिहिला. त्यात नमुने कुठून, किती खोलीवरून आणि पाणी कुठल्या पातळीला असताना घेतले ते आधी लिहिलं, निष्कर्ष नंतर. 'नमुना घेणाऱ्याचे नाव' या रकान्यात यूसुफभाईंचं नाव लिहायची सवय होती. पहिलं अक्षर त्यांचंच लिहिलं गेलं; ते खोडून मी माझं नाव लिहिलं.

त्यानंतर वर्षभराने प्रयोगशाळा बंद केली. यंत्रं एका महाविद्यालयाला दिली. वह्या माझ्याकडे आहेत.

आज त्या विहिरीचं पाणी वस्ती धुण्याभांड्याला, शेताला आणि जनावरांना वापरते. प्यायला पाइपलाइन आहे. यार्डाखालच्या खडकाच्या भेगांत अजून डिझेल आहे. ते काढता येत नाही, आणि किती आहे ते मला माहीत नाही. दर मे महिन्यात मी बेलर घेऊन जातो आणि तीन नमुने घेतो.